डेकखालची फळी

उत्तरेचा 'बुरा' नावाचा थंड वादळी वारा सुटला त्या सकाळी फ्रानेच्या बोटीचा दोर बांधायचा पुढचा पोलादी खुंटा दोरासकट उपटून आला आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या स्लावेनच्या खांद्यावर बसला. त्याचं हासळीचं हाड मोडलं. दुपारपर्यंत साऱ्या बंदरात एकच बोलणं होतं, खुंटा पेरिनाने बसवलेला होता.

बसवला नव्हता हो तिने. हाताने नटसुद्धा शिवला नव्हता. पण ऐकतो कोण.

पेरिना सत्तावीस वर्षं या बेटावर बोटींची जोडकामं करत होती. डेकच्या वर चमकतं ते कुणीही बसवील, खरं काम खाली असतं, असं ती म्हणायची. प्रत्येक खुंट्याखाली आतून एक जाड प्लेट लागते, म्हणजे बोल्टांचा ओढा एका जागी न येता पसरतो. ती प्लेट ती स्वतः फायबरची घडवायची, आणि खालच्या खोलीच्या छताचं आवरण बंद करण्याआधी तिच्यावर पेन्सिलीने आपलं नाव आणि तारीख लिहायची. ते कुणाला दिसणार नसे, तरी लिहायची.

फ्रानेच्या बोटीवरचे दोन्ही जुने खुंटे तिने मार्चात काढले होते, तेवढंच. नवे मोठे होते, जुन्या प्लेटांची भोकं जुळेनात. "तीन दिवस दे, नव्या घडवते. नीट सुकायला हव्यात," ती म्हणाली. "शनिवारी भाड्याने बोट घेणारे पाहुणे येतायत. राहू दे, मी बघतो," फ्राने म्हणाला. आणि बघितलं त्याने, नवे खुंटे स्वतःच बसवले. वर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला की काम पेरिनाचं आहे, कारण तिचं नाव ऐकलं की पाहुणे निर्धास्त व्हायचे.

त्यातून हा माणूस तिचा कूम, तिच्या लेकीचा धर्मपिता, आणि ती त्याची कुमा. तिच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी याच्याच हातांनी धरलेलं. कूमाविरुद्ध चारचौघांत तोंड उघडायचं नाही, ही इथली रीत. म्हणून पेरिना तीन दिवस दात-ओठ खात गप्प बसली. मग तिच्या दोघा गिऱ्हाइकांनी आपल्या बोटी दुसऱ्याकडे नेल्या. चौथ्या दिवशी स्लावेन समोरून आला, हात गळ्यात बांधलेला. त्याच्या बोटीची देखभाल ती दर वसंतात करायची. तो मान फिरवून निघून गेला. तेव्हा मात्र तिचं टाळकं सरकलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर अख्खं गाव धक्क्यावर कॉफी पीत होतं. पेरिना पाना घेऊन तिथे गेली.

"कूम, तुझ्या बोटीचं पुढच्या खोलीतलं आवरण उघडायचंय. आत्ता. सगळ्यांसमोर."

"रविवारी? कुमा, डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. मागेच फिरायला हवं होतं."

लोक ऐकत होते, त्यामुळे फ्रानेला नाही म्हणता येईना. पेरिनाने खाली उतरून आवरण सोडवलं आणि प्लेट थेट तिच्या मांडीवर पडली. ती वर डेकवर आली आणि प्लेट सगळ्यांसमोर धरली. पांढऱ्या प्लास्टिकचा जाड तुकडा, त्यावर सुरीचे शेकडो ओरखडे. चारही भोकं फाटून रुंद झालेली, आणि प्रत्येकाभोवती वॉशरने पाडलेली खोल बशी. पेन्सिलीचं अक्षर कुठेच नव्हतं.

"ही तर मासे कापायची फळी आहे," तिने शांतपणे सांगितलं. 

"मग? उलट चांगलीच आहे," फ्रानेने छाती काढली. "लाकूड कुजतं. ॲल्युमिनियमला स्टीलशेजारी खारं पाणी खातं. तूच म्हणायचीस ना? आणि ही तीस वर्षं रोज ओली होती. कुजली का?"

"नाही कुजली. दबली. नट आवळला की आज थोडी, उद्या थोडी, खाली बसत जाते. मग बोल्ट ढिला होतो, भोकातून पाणी शिरतं, डेक आतून भुसभुशीत होतो, आणि वाऱ्याचा एक झटका पुरतो. दुसरा खुंटा अजून जागेवर आहे ना? चल, बघ." तिने त्याला खाली नेलं, तिकडचं आवरण काढलं, तिथे त्याच फळीचा दुसरा तुकडा होता, आणि पाना न लावता दोन बोटांनी नट गरागरा फिरवला.

"या पुस्तकी गप्पा झाल्या," वर येत फ्राने पुटपुटला, पण आवाज उतरला होता.

तेवढ्यात गर्दीतून त्याची आई पुढे आली. टोंकामावशी, बाजारात चाळीस वर्षं मासे विकणारी. तिने फळी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि कोपऱ्यातल्या खाचेवर अंगठा ठेवला.

"ही माझी. मार्चपासून शोधतेय मी. शेजारच्या लुत्सियाला चोरटी म्हणाले, आजतागायत तिच्याशी बोलत नाही. आणि तू उचललीस?"

"आई, मला वाटलं..."

"तुला वाटलं. माझा तराजू या फळीवर ठेवलेला पाहिलास कधी? ठेवला की त्याच्या पायांखाली चार खड्डे पडायचे आणि वजन चुकायचं. मी तराजूखाली दगडाची लादी ठेवते, ती काय हौस म्हणून? शेंबडा होतास तेव्हापासून बघतोयस."

 लुत्सिया तिथेच उभी होती आणि तिने कप खाली ठेवला.

पेरिनाने कानामागची पेन्सिल काढून फ्रानेपुढे धरली. "लिही. नाव आणि तारीख. मी माझ्या प्रत्येक प्लेटवर लिहिते."

"तारीख कुठली घालू?"

"बसवलीस त्या दिवशीची."

त्याने सगळ्यांदेखत लिहिलं. फळी पेरिनाने बंदराच्या कचेरीबाहेर खिळ्याला टांगली, अक्षरांची बाजू बाहेर.

ती अवजारं गोळा करत असताना स्लावेन जवळ येऊन उभा राहिला.

"पेरिना, माझ्या बोटीत खाली तुझं नाव आहे ना गं?"

"आहे. दोन्ही खुंट्यांखाली. तू स्वतः दिवा धरला होतास, मी लिहीत होते तेव्हा."

"हो, धरला होता." त्याने गळ्यात बांधलेला हात सावरला. "मग मी मान का फिरवली?"

"ते मला काय विचारतोस," पेरिना म्हणाली. इतके दिवस न आलेलं पाणी आत्ता डोळ्यांत आलं, त्याचाही तिला राग आला, आणि पिशवी उचलून ती घरी निघाली.