जेवलेलं गाव

आमच्या गावात कुणी कुणाला नमस्कार करत नाही. माणूस भेटला की विचारायचं, "जेवलात का?" आणि त्याने म्हणायचं, "जेवलो." मग तो जेवलेला असो वा नसो. नाही म्हटलं तर विचारणाऱ्याला चुलीकडे धावावं लागतं, उगाच दुसऱ्याच्या जिवाला घोर, म्हणून सगळे जेवलेलेच असतात. आमच्याकडे हे उत्तर फक्त मेलेला माणूस देत नाही.

वादळाच्या रात्री समुद्र नदीतून उलटा वर आला आणि जाताना अर्धं गाव घेऊन गेला. माझी बहीण त्यात गेली. सकाळी मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते, तर शेजारचा ऊ बा तोक नारळाच्या झाडावरून उतरत होता. अंगावर लुंगीसुद्धा धड राहिली नव्हती. वरूनच म्हणाला, "तिन सेइन वहिनी, जेवलात का?"

मी म्हटलं, "जेवले. तुम्ही?"

"जेवलो," असं म्हणून तो खाली उतरला आणि चिखलात बसून रडायला लागला.

हीच सवय पुढे आमच्या मुळावर आली.

बहिणीची मुलगी, मा न्वे यी, तेवढी वाचली. पण उडालेल्या पत्र्याने तिची नडगी कापली होती. विहाराचा विटांचा सभामंडप सोडला तर गावात उभं असं काही उरलं नव्हतं, तिथेच तिला निजवलं होतं. जखम आधी लाल झाली, मग काळी पडू लागली. मी समुद्राच्या खाऱ्या पाण्याने धूत होते, कारण विहिरीत दुसरं पाणीच नव्हतं. पोरगी तापाने फणफणायची, आणि मी जवळ गेले की विचारायची, "मावशी, जेवलीस का?"

औषध नव्हतं असं नाही. नदीच्या मुखाशी परदेशी जहाज येऊन थांबलं होतं. आमचे कोळी ते बघून आले होते. त्यात तांदूळ होता, औषधं होती, डॉक्टर होते. परवानगी तेवढी नव्हती. रेडिओवर लष्कराचं सरकार रोज सांगायचं की देश समर्थ आहे, वादळग्रस्त जनता खाऊनपिऊन सुखी आहे, कुणाच्या भिकेची गरज नाही. आम्ही उपाशीपोटी ते ऐकायचो. माझे यजमान ऊ फो लाइंग गावचे मुखिया. कुणालाही नाही म्हणता येत नाही, एवढ्याच गुणावर त्यांना मुखिया केलेलं. ते रेडिओलासुद्धा मान डोलवायचे.

मग एक दिवस बो झेया आले. मोठे अंमलदार, बुटांना चिखल लागू नये म्हणून फळ्यांवरून चालणारे. त्यांच्याबरोबर सैनिक, निळे तंबू आणि दोन भलीमोठी पातेली. परदेशातून एक बडा पाहुणा पाहणीला येणार होता. आम्हाला मदत लागते की नाही हे तो बघणार आणि त्यावर जहाजाचं ठरणार.

"मला नीटनेटके वादळग्रस्त पाहिजेत," बो झेया म्हणाले. "बायकांनी गालांना थनाक्याच्या खोडाचा लेप लावून यायचं. रडकी तोंडं मागे."

दवाखान्याचाही एक तंबू होता. तंबू आहे म्हणजे रुग्ण हवा. मी पुढे झाले. "साहेब, माझ्याकडे आहे रुग्ण."

त्यांनी विहारात येऊन न्वे यीचा पाय पाहिला आणि नाकाला रुमाल लावला. "ही चालणार नाही."

"चालत नाहीच आहे साहेब, पायच गेलाय तिचा."

"कॅमेऱ्यासमोर चालणार नाही म्हणतोय मी. मला बरा होत आलेला रुग्ण पाहिजे."

बरा होत आलेला म्हणून ऊ बा तोकला निवडलं. त्याला काहीच झालं नव्हतं. त्याच्या पायाला पांढरीशुभ्र पट्टी बांधली, हाताला सुई टोचून खरी सलाइनची बाटली लावली आणि तंबूच्या दारात बंदूकवाला उभा केला. ऊ बा तोक मला हळूच म्हणाला, "वहिनी, मला अंगात ताकद आल्यासारखं वाटतंय हो." आणि पुन्हा रडला. न्वे यीला मात्र सभामंडपाच्या कोपऱ्यात, भिक्खूंची चीवरं वाळत घालतात त्यांच्या आड ढकललं. मला इतका संताप आला होता की थनाका उगाळताना खोडाचा तुकडाच मोडला.

जाता जाता बो झेया म्हणाले, "पाहुणा आपल्या भाषेतलं एकच वाक्य शिकून आलाय. 'जेवलात का?' तुम्ही रोज देता तेच उत्तर द्या. खोटं बोला असं मी कुणालाही सांगत नाही." आणि हसले. बंदूक दाखवायची गरजच नव्हती त्यांना.

त्यांची पाठ वळताच मी सगळ्यांना विहारात जमवलं. मोठे भन्तेही येऊन बसले. ऊ बा तोक लघवीचं निमित्त सांगून, सलाइनची बाटली हातात धरून आला. मी म्हटलं, "हे बघा, जहाज यायला हवं असेल तर एकच शब्द शिकायचाय. नाही. म्हणा."

"नाही," सगळे म्हणाले. छान म्हणाले.

"आता मी विचारते. ऊ बा तोक, जेवलात का?"

"जेवलो."

"अरे देवा. अहो, तुम्ही तरी. जेवलात का?"

"जेवलो," आमचे हे म्हणाले आणि जीभ चावली. "अगं, समोरच्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? बिचारा इतक्या लांबून येणार. त्याला कसं वाटेल?"

"आपण मेलो तर त्याला बरं वाटेल का?"

"तसं नव्हे गं. पण तो लगेच खायला घालायला धावणार. त्याच्याजवळ नसलं काही तर?"

"जहाजभर आहे त्याच्याजवळ."

शेवटी मी भन्तेंकडे वळले. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले. म्हणाले, "बाई, मन म्हणतंय नाही. तोंडातून मात्र जेवलोच येणार. एवढी वर्षं साधना केली, पण या शब्दापर्यंत नाही पोचलो." तेवढ्यात मागच्या कुणीतरी मला विचारलं, "आणि तू गं, जेवलीस का?" मी म्हणाले, "जेवले." सगळे हसले. माझ्याही पोटात काल दुपारपासून काही नव्हतं.

पाहुणा आला. उंच, उन्हाने टोमॅटोसारखा लाल झालेला, हातात हॅट. त्याच्यासोबत सरकारने दिलेला दुभाष्या, को म्यात नावाचा तरुण. इस्त्रीचा शर्ट, चेहरा कोरा. बाजूला सरकारी टीव्हीचा कॅमेरा. पाहुणा प्रत्येकासमोर कमरेत वाकून मोठ्या कष्टाने विचारी, "जेव... लात का?"

जेवलो. जेवले. जेवलो. रांगच्या रांग जेवलेली निघाली. आमचे हे म्हणाले, "जेवलो, अगदी पोटभर." पोटभर कुणी विचारलं होतं? मी डोळे वटारले. ऊ बा तोकने तर सलाइनचा हात उंचावून सांगितलं. पाहुण्याच्या चेहऱ्यावरची काळजी पायरीपायरीने उतरताना मला दिसत होती, आणि बो झेया मागे हात बांधून बागेत फिरावं तसे चालत होते.

मग तो माझ्यासमोर आला. माझी जीभ तयार होती. डोळ्यांपुढे न्वे यीचा पाय होता. त्याने विचारलं, आणि मी तोंड उघडलं.

"जेवले," मी म्हणाले. "तुम्ही?"

माझंच थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं. को म्यातने माझा प्रश्न पाहुण्याला सांगितला. पाहुणा हसून काहीतरी बोलला. को म्यातने ते आम्हाला सांगितलं.

"पाहुणे म्हणतात, नाही. सकाळपासून खायला वेळ मिळाला नाही."

हे उत्तर आमच्या गावात कुणी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्या ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पाहुणा दारात उभा, आणि उपाशी. मागच्या बायका तर आपोआप पातेल्यांकडे सरकल्या.

"तो भात संध्याकाळचा आहे," बो झेया घाईने म्हणाले.

"पण साहेब, पाहुणा उपाशी आहे," भन्ते म्हणाले. झालं. त्यावर कॅमेऱ्यासमोर बोलणार काय?

आमच्या ह्यांनी झाकण काढलं. वर वाफाळता पांढरा भात. पाहुण्याला तळाचा मऊ भात वाढायचा ही आमची रीत, म्हणून यांनी डाव खोल घातला. खर्र आवाज आला. दोन बोटं भात आणि खाली सगळी नदीची वाळू. गावाने ऐकलं, पाहुण्यानेही ऐकलं असावं. आणि आमचे हे, काय सांगू, त्यांनी झाकण परत ठेवलं आणि बो झेयांची अब्रू झाकायला म्हणाले, "अजून जरा शिजायचाय."

खरा भात गावात एकाच ठिकाणी होता. न्वे यीसाठी मी मूठभर बाजूला ठेवला होता, पानात बांधून, वर जराशी न्गापी, आंबवलेल्या मासळीची तिखट चटणी. मी सभामंडपात गेले. तिने बाहेरचं सगळं ऐकलं होतं. "दे मावशी, पाहुणा आहे," ती म्हणाली. तिच्यावर ओरडावं की तिला पोटाशी धरावं हेच मला कळेना. पान उचललं आणि नेऊन त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने सगळं खाल्लं. शेवटचं शीतसुद्धा टिपलं. टाकलं तर यजमानाचा अपमान होतो असं कुणीतरी त्याला शिकवलं असणार. न्गापीने डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्लं. मग को म्यातमार्फत विचारलं की हे कुणी दिलं, मला त्यांचे आभार मानायचे आहेत.

मी चीवरांकडे बोट केलं. "तिने."

"तिकडे मोठे भन्ते ध्यानाला बसलेत," बो झेया म्हणाले.

"मी तर इथेच आहे," भन्ते म्हणाले.

पाहुणा आत गेला. आम्ही मागोमाग. चीवर बाजूला केल्यावर वास आला, आणि कॅमेरावाला पहिला मागे फिरला. पाहुणा तिथेच गुडघ्यांवर बसला. त्याने पाय पाहिला, पोरीचा घामेजलेला चेहरा पाहिला. त्याला आमचं एकच वाक्य येत होतं. तेच त्याने विचारलं, पण या वेळी अगदी हळू.

"जेवलात का?"

न्वे यीने डोळे उघडले. "जेवले," ती म्हणाली.

तेव्हा मात्र माझं तोंड उघडलं. "नाही," मी म्हणाले. "ती जेवलेली नाही. तिचा भात तुम्ही खाल्लात. इथे कुणीच जेवलेलं नाही. ऊ बा तोकचा पाय ठणठणीत आहे आणि त्या पातेल्यात वाळू आहे." स्वतःसाठी जो शब्द फुटला नाही, तो तिच्यासाठी सरळ बाहेर पडला.

बो झेया को म्यातकडे वळले. "बाई पाहुण्यांचे आभार मानतेय. एवढंच सांग."

को म्यातने पाहुण्याला सांगायला सुरुवात केली. आभार मानायला इतकी वाक्यं लागत नाहीत. पाहुण्याचा चेहरा बदलत गेला. मग तोही बोलला, बराच वेळ, आवाज चढवून, जहाजाच्या दिशेने हात करून. को म्यातने सगळं ऐकून घेतलं, शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि बो झेयांना म्हणाला, "साहेब, पाहुणे म्हणतात, त्यांच्या जहाजावरही कुणी जेवलेलं नाही."

"काय?"

"उपाशी आहेत सगळे. तांदूळ आहे, पण जहाजावर चूल पेटवायची सोय नाही. उद्या तांदूळ घेऊन डॉक्टरांसकट सगळे उतरतील, आपल्या देशाने जेवू घातलं तर उपकार होतील म्हणतात."

पाहुणा नेमकं काय बोलला हे मला आजही माहीत नाही. त्याचं बोलणं भलतंच लांब होतं आणि को म्यातचं अगदीच आखूड. पण बो झेयांचा चेहरा पहिल्यांदाच माणसासारखा गोंधळलेला दिसला. त्यांनी वायरलेसवर वर विचारलं. मदत घ्यायला मनाई होती. परदेशी माणसांना उपाशी ठेवण्याबद्दल काहीच हुकूम नव्हता. वरून उत्तर आलं की देशाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, जेवू घाला.

"पण ते डॉक्टर कशाला?" बो झेयांनी विचारलं.

"त्यांच्यात डॉक्टर पंगतीला असल्याशिवाय घास उचलत नाहीत, साहेब," को म्यात म्हणाला. मग माझ्या बाजूने जाताना तोंड न वळवता पुटपुटला, "मावशी, माझी आई इथून तीन खाड्या पलीकडची. जेवली का, विचारायला कुणी उरलंय की नाही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी होड्या आल्या. परदेशी माणसं पोती उतरवत होती आणि आम्ही त्यांना वाढत होतो, त्यांचाच तांदूळ. पोटभर जेवून आलेली ती माणसं आग्रहाखातर पुन्हा जेवली. टीव्हीवर सांगितलं की वादळग्रस्तांनी भुकेल्या परदेशी लोकांना मदतीचा हात दिला. आमच्या ह्यांना अतिथीसेवेबद्दल पदक मिळालं. को म्यात पुन्हा कुठल्या पाहुण्याबरोबर दिसला नाही. मी जो भेटेल त्याला विचारते, कुणालाच ठाऊक नाही.

डॉक्टरांनी विहारातच न्वे यीचा पाय गुडघ्याखाली कापला. एक दिवस आधी आलो असतो तर वाचला असता, असं त्यातला एक खुणांनी सांगत होता. मी त्याला जेवायला वाढलं. दुसरं काय करणार?

दोन दिवसांनी तिचा ताप उतरला. ती डोळे उघडून छताकडे बघत पडली होती. मी शेजारी बसले आणि सवयीने विचारून गेले, "जेवलीस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चादरीखाली जिथे पाय नव्हता तिकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "भूक लागलीय. आण."

मी उठले आणि चुलीकडे धावले.