एकशे बारा नंबरचं दूध

तिने कुपीवर एकशे बारा नंबर चिकटवला आणि इकडेतिकडे पाहून ती कुपी बाकीच्यांच्या मधोमध सरकवली. दूध दान करणाऱ्या बायांच्या नमुन्यांत हा एक तिचा स्वतःचा होता.

मिल्क बँकेच्या प्रयोगशाळेत ती सहा वर्षं हेच करत आली होती. दुधातून अवरक्त किरण सोडायचे. मग हजारो नमुन्यांवर शिकलेला संगणक त्यातली फॅट, प्रथिनं, साखर सांगायचा. तिची लेक मात्र तीन महिन्यांची झाली तरी बाळसं धरत नव्हती. सासूबाई टाकून बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. नुसतं म्हणायच्या, "दूध पातळ असेल गं." तेवढंच सकाळपासून तिच्या डोक्यात भुणभुणत होतं.

पडद्यावर आकडा उमटला. फॅट एक पॉइंट एक.

चारच्या आसपास हवी होती; ती घाबरली. आणि मागोमाग, लाज वाटावी इतकं हायसंही वाटलं. खोट आपल्यात आहे, लेकीत नाही. आजपासून वरचं दूध सुरू करू, की झालं.

"एकशे बाराची फॅट इतकी कमी?" संगणकाला शिकवणारा सहकारी मागून डोकावला. "कोमट करून हलवलंस ना?"

समोर भिंतीवर तिच्याच अक्षरातली पाटी होती: आधी कोमट, मग हलवा, मग मशीन. गार दुधातली फॅट कुपीच्या कडेला चिकटून बसते, हे नव्या मुलींकडून तीच घोकून घ्यायची. आज मात्र बर्फाच्या पिशवीतून काढलेली कुपी तिने तशीच लावली होती.

ती कुपी कोमट पाण्यात धरून उभी राहिली. पाच मिनिटांत तिने चारदा घड्याळ पाहिलं. मग कुपी हलवली, पुन्हा लावली.

चार पॉइंट दोन. बाकी सगळं जिथल्या तिथे.

"एक नंबर दूध," सहकारी म्हणाला. "नशीबवान आहे कुणाचं तरी बाळ."

तिने जिन्यात जाऊन घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, दूध चांगलं आहे. दोनदा तपासलं."

पलीकडे लेक रडत होती, नेहमीच्याच बारीक आवाजात. सासूबाई तिला थोपटत होत्या.

"मग गं?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने कठडा घट्ट धरला.

"तिला टोपडं घालून ठेवा," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे जाऊ. मी निघालेच."