राजाभाऊंची चिठ्ठी

त्या गुरुवारी रास अल खैमाच्या लेबर कॅम्पाबाहेर रफिकच्या किराणा दुकानात राजाभाऊ निवांत चहा पीत होते. कारखान्याचा पगार तीन महिने थकला होता, पण हजेरी लिहिणारे टाइमकीपर राजाभाऊ कामगारांना उधारीवर देत ती त्यांच्या सहीची चिठ्ठी दुकानदारापासून न्हाव्यापर्यंत सगळीकडे चालायची. 'वीस दिरहॅम, मागताच मिळतील.' चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला ते आपल्या बचतीतून रोख देत आणि कामगारांचा पगार झाला की वळते करून घेत.

"भिवा, चिठ्ठी हवी की नोट?" रफिकनं सुटे परत देताना कामगाराला डिवचलं.

"नोटेवरच्या ससाण्याक मी खंय वळखतंय?" भिवा म्हणाला. "भाऊंक वळखतंय."

सगळे हसले. दुबईहून सुट्टीला आलेली त्यांची मुलगी मैथिलीही हसली. वडिलांचा तो शेवटचा सुखाचा दिवस.

आधी राजाभाऊ प्रत्येक चिठ्ठी हातानं लिहीत. मागणी चार कॅम्पांत पसरली, तेव्हा मैथिलीच म्हणाली होती, "बाबा, ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणते. सहीसकट."

"नको गं. लोक माझं अक्षर ओळखतात."

"नव्व्याण्णव साल चाललंय, बाबा!"

त्यांनी ऐकलं. महिनाभरात कुणीतरी झेरॉक्स काढल्या. त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी रफिकच्या गल्ल्यात एकाच नंबरच्या चार चिठ्ठ्या निघाल्या आणि संध्याकाळी राजाभाऊंच्या दारात दोनशे माणसं उभी राहिली. खरी कुठली, खोटी कुठली, राजाभाऊंनाही कळेना. त्यांनी सगळ्याच वटवून दिल्या. बचत गेली, पुण्याचा फ्लॅट गेला, शेवटी नोकरीही. छापायची कल्पना कुणाची, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग ते दुबईला मैथिलीकडे राहिले; तिनं विषय काढला की म्हणत, "खलास. चहा टाक."

दोन वर्षांनी ते गेले. शोकसभेला कॅम्पातले सगळे आले. कारखान्यातला संजय बोलायला उभा राहिला. "माणूस देव होता, पण हाव नडली. घरात टाकसाळच काढली."

माना डोलल्या. मैथिली उठली.

"संजयभाऊ, खाली बसा. बाबांच्या चिठ्ठीवर ज्याचा एक दिरहॅम बुडाला असेल, त्यानं हात वर करावा."

हात एकही वर आला नाही.

"हाव म्हणता? खोट्या चिठ्ठ्यांचेही पैसे दिले त्यांनी, तुम्हालासुद्धा. छापायचं डोकं माझं. ते नको म्हणत होते, मी हसले त्यांना. चूक माझी होती, आणि दोन वर्षं मी गप्प बसले."