सात विजयांचा वास

खाटेखालचं पोतं ओढलं की शिंपीणबाई पदर नाकाला लावायची. नुसता घामाचा वास केव्हाच मागे पडला होता. आता त्यात चिखल, आंबलेलं पीठ आणि काहीतरी कुजल्यासारखं मिसळलं होतं. अकरा शर्ट, सहा आठवडे, पाण्याचा थेंब नाही. आणि हे म्हणे संघाचं भाग्य! शी!

शर्ट तिनेच शिवले होते, हे तिचं दुर्दैव. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या डोक्यात फुटबॉलचं खूळ शिरलं. तो बेकरीत मुकादम. दुपारी भट्टी थंडावली की त्याने कणीक मळणारे, पाव कापणारे, गाडीवाले असे दहा जण गोळा केले आणि वखारीमागच्या खडीत दोन दगड मांडून गोल केला. तिचा धाकटा दीर गोलकीपर, कारण त्याला पळायचा कंटाळा. तिने हौसेने पिठाच्या पोत्यांचं कापड निळं रंगवलं, पाठीवर आकडे टाचले. पहिल्याच सामन्यात नऊ गोल खाल्ले. वर शर्टांचा रंग गेला, अकराच्या अकरा जण निळ्या अंगाने घरी आले. ती पोट धरधरून हसली होती. दोन वर्षं ते असेच हरत राहिले आणि दर रविवारी ती शर्ट धुवत राहिली. ते दिवस बरे होते.

मग तिला ताप आला. एक आठवडा धुणं राहिलं, आणि नेमके त्या मळक्या शर्टांत गडी जिंकले! झालं. "यापुढे शर्टाला पाणी लागता कामा नये," मुकादमाने फर्मान काढलं. दुसरा सामना जिंकले, तिसराही जिंकले. मग काय, सगळेच शेफारले. ज्यांना सरळ पास देता येत नव्हता, ते सामन्याआधी त्या घाणीचे मुके घ्यायला लागले.

पाचव्या सामन्यात दिराचं कोपर खडीवर सोलवटलं. शर्टाची लांब बाही जखमेला चिकटायची, सामना संपला की ती ओढून काढायची, आणि पुढच्या रविवारी तोच शर्ट पुन्हा अंगात. कोपरातून पिवळं पाणी यायला लागलं. त्याच हाताने पठ्ठ्या बेकरीत कणीक मळत होता. तिने घरात पाव आणणंच बंद केलं.

"अहो, हात सुजलाय त्याचा. त्याचा एकट्याचा शर्ट धुते," ती म्हणाली.

"एक धुतला काय नि अकरा धुतले काय! फायनल तोंडावर आलीय."

"भाऊ आहे तो तुमचा!"

"मग मी काय त्याला मारतोय? विचार त्यालाच."

दीर नजर चुकवत म्हणाला, "एवढं काही दुखत नाही गं, वहिनी."

खोटारडा! जेवताना तो घास डाव्या हाताने तोंडाशी नेत होता.

सातवा सामना जिंकला आणि तो मैदानातच कोसळला. अंग नुसतं भाजत होतं, दंडावर लाल रेघ चढली होती. दवाखान्यात नर्सने नाक दाबून शर्ट कात्रीने कापला. डॉक्टरीणबाईंनी मुकादमाची खरडपट्टी काढली. "लाज कशी वाटत नाही? हात राहतो की जातो, ते दोन दिवसांत कळेल." मुकादम खाली मान घालून उभा राहिला. शिंपीणबाईला वाटलं, चला, आता तरी याचे डोळे उघडले.

ती औषधं घेऊन परत आली, तर नवरा कचऱ्याच्या डब्यात हात घालून काहीतरी चाचपत होता. पू लागलेली बाही आणि शर्टाचे दोन तुकडे त्याने बाहेर काढले, झटकले आणि तिच्यापुढे धरले.

"रविवारी फायनल आहे. तेवढं जोडून दे. बदली गोलकीपर घालील."

इतक्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा राग शंभरदा आला होता. किळस पहिल्यांदा आली, अगदी ओकारी होईल अशी. "दूर व्हा," ती ओरडली, "मला हात लावू नका!"

त्या आवाजाने दिराने डोळे उघडले. मिटल्या डोळ्यांनीच सगळं ऐकलं होतं त्याने. ती त्याच्या उशाशी धावली. "काय हवंय रे? पाणी देऊ?"

त्याने मानेनेच नाही म्हटलं. सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"वहिनी, शिवून दे ना. पण धुऊ नकोस हं."