शेवटचा मान

दत्तात्रय मास्तरांनी शालिकरामच्या हातातले हार काढून घेतले आणि त्याला दंडाला धरून मंचावरच्या गादीवर बसवलं.

"हार दुसरा कोणी घालेल. तू आज शेवटी म्हणायचं."

सौंसरच्या साहित्य मंडळात शेवटी कविता म्हणणं हा मोठा मान. नगरपालिकेतल्या कारकुनीवर जगणारा शालिकराम खणखणीत लिहायचा, पण त्याला नेहमी पहिला उभा करत. लोक चपला काढून सतरंजीवर टेकेपर्यंत त्याचं म्हणून संपलेलं असे. बौद्धपुऱ्यातला कवी पहिलाच का, हे कोणी विचारत नसे आणि सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा, पंच्याऐंशी सालच्या या संमेलनात, मास्तर त्याच्यासाठी मंडळाशी भांडले. स्वतःवर ते भलतेच खूश होते.

शालिकराम त्यांच्या कानाशी वाकला.

"सर, मले पयलेच घ्या ना. माय बोरगाववरून आली, पयल्यांदाच. दिवस बुडता तिची शेवटची बस हाय. उद्या संत्र्याच्या तोड्याले जाणं हाय तिले."

"होते रे तोवर सारं. मी भांडलो तुझ्यासाठी. असा मान लाथाडू नको."

शालिकरामने सतरंजीवर बसलेल्या मायकडे पाहिलं.

अध्यक्ष यशवंतरावांनी दीर्घकाव्य काढलं. त्यांना आवरणार कोण? सतरंजीच्या कडेला बसलेली शालिकरामची माय, केसरबाई, दाराकडे बघत होती. ऊन भिंतीवरून उतरलं, तशी ती पिशवी घेऊन उठली.

मास्तरांनी भरघोस शब्दांत शालिकरामचं नाव पुकारलं, तेव्हा गादीवरची त्याची जागा रिकामी होती. चारचौघांत नाक कापलं गेलं म्हणून ते तणतणत बसस्टँडवर गेले.

शालिकराम बसच्या खिडकीला धरून कविता म्हणत होता. आत केसरबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. कंडक्टरही थबकला होता. कविता तिच्याच हातांवर होती, कापूस वेचून चिरलेल्या. मास्तरांच्या मनात आलं, हा म्हणत असताना आपण दर वर्षी पाहुण्यांच्या चहाचं बघत असू. आपणही याला कधी धड ऐकलं नाही. त्यांना फार लाज वाटली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. घंटी वाजली आणि ओळ अर्धी असतानाच बस हलली.

शालिकराम थांबला.

"पुढचं म्हण ना," मास्तर म्हणाले.

"पुढचं तिच्यासाठीच होतं, सर." त्याने धूळ झटकली. "चला, लोकं वाट पाहून राहिले. दुसरी म्हणतो."

त्याने दुसरी म्हटली. टाळ्या खूप पडल्या.