दुसऱ्या हाताला

तिने पहिली चिळकांडी काळ्या ताटलीत घेतली आणि तिथेच थांबली. दुधात गुठळ्या होत्या, बाकीचं पाण्यासारखं पिवळट. मागच्या डाव्या सडाला बोट लागताच महाराणीने पाय झाडला. त्या बाजूची कास टणक झाली होती आणि तापली होती.

"झालं," ती म्हणाली. "आजच मुहूर्त सापडला हिला."

घरात बॅग भरून ठेवलेली होती. उद्या सकाळच्या गाडीने लेकीकडे जायचं, परवा लेकीचं ऑपरेशन, म्हणजे बाळंतपणच. लेकीचं घर तिने अजून पाहिलंही नव्हतं. लेक नव्या घरात राहायला गेली तेव्हा इथे एक गाय व्यायली होती. लेक तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा दुसरीने चारा सोडला होता. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे महाराणी. 'ती दुसऱ्या हाताला दूध देत नाही,' हे वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं होतं की लेक हल्ली ते तिच्या आधीच म्हणून टाकायची. शेवटच्या फोनवर मात्र ती एवढंच म्हणाली होती, "सासूबाई आहेत सगळं बघायला. पण तू ये."

नवरा दाराशी उभा होता. शेण काढणं, चारा घालणं, पाणी भरणं ही त्याची कामं. धार तेवढी तिची.

"डॉक्टरीणबाईंना बोलावतो," तो म्हणाला आणि नेहमीच्या मानाने फारच लगबगीने गेला.

डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच. त्यांनी कास दाबून पाहिली, मग खाली वाकून बराच वेळ सड न्याहाळला.

"कासदाह आहे. काकू, धार कोण काढतं?"

"मीच. ही दुसऱ्या हाताला देतच नाही."

"जरा काढून दाखवा."

ती बसली आणि चांगल्या सडाची धार काढून दाखवली. मूठ वरून खाली मिटत गेली, दूध बादलीत घुमलं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

"हात छान आहे तुमचा. पण हे बघा." त्यांनी आजारी सडाच्या कडेचा काळानिळा चट्टा दाखवला. "अंगठा मुडपून ओढलं की त्याचं हाड सडावर घासतं. आत इजा होते आणि तिथेच रोगाला वाट मिळते. कुणीतरी असं काढलंय, वर अर्धवट सोडलंय."

"आमच्याकडे दुसरं कोण काढणार, बाई?"

नवरा मागे पिंप भरत होता. पिंप कधीच भरलं होतं, पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं आणि तो नळाकडे बघत उभा होता.

डॉक्टरीणबाईंनी सडात औषधाची ट्यूब सोडली, उरलेल्या ट्यूबा हातात दिल्या. आजारी सड पुन्हा पुन्हा रिकामा करायचा, हिची धार सगळ्यांच्या शेवटी काढायची, हात धुवायचे, औषध चालू असेपर्यंत हिचं दूध कुणाला घालायचं नाही, असं बजावून त्या गेल्या.

तिने नळ बंद केला.

"कधीपासून?"

"तू दूध पोचवायला जायचीस तेव्हा." तो ओल्या पायांनी तसाच उभा होता. "म्हटलं, हात बसला तर तुला सुखाने जाता येईल."

"भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत केलीत माझी! मला विचारलं असतं तर काय जीभ झडली असती?"

"विचारलं होतं," तो म्हणाला. "लेक नव्या घरात गेली तेव्हा. तू म्हणालीस, तुमच्या हाताला ती द्यायची नाही, उगाच माझी गाय बिघडवाल."

तिला आठवलं. शेजारीण समोर बसली होती आणि दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

संध्याकाळी तिने बाकीच्या गाईंच्या धारा आधी काढल्या. हात धुतले. आजारी सड हलक्या हाताने रिकामा करून त्यात ट्यूब सोडली, पुन्हा हात धुतले आणि बादली नवऱ्याच्या पुढ्यात आदळली.

"बसा. आजारी सडाला हात लावू नका, बाकीचे काढा. अंगठा बाहेर. ओढायचं नाही, वरून मूठ मिटत यायचं."

महाराणीने पहिल्या फटक्यात बादली उडवली. त्याने ती उचलली आणि पुन्हा बसला. तोंडाने काहीतरी पुटपुटत राहिला, गाईशी की स्वतःशी कोण जाणे. बऱ्याच वेळाने गाईचे कान सैल पडले, ती रवंथ करू लागली. तिने पान्हा सोडला. धार बारीक होती, वेडीवाकडी होती, पण बादलीत पडत होती.

"आली गं!" तो म्हणाला. एवढा आनंद त्याच्या चेहऱ्यावर तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "जा तू आता बिनघोर. सकाळीही मीच काढीन. ट्यूब सोडायला डॉक्टरीणबाईंचा माणूस येतो म्हणालाय."

तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला राग आला, आणि तोही गाईचा. इतकी वर्षं जिला जपलं, तिने एका संध्याकाळीत इमान विकलं. ती गोठ्याबाहेर आली.

फोन वाजला. लेक होती.

"आई, येतेयस ना उद्या?"

भरलेली बॅग तिला दारातून दिसत होती. तिथल्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे असतो हे लेकीच्या सासूला ठाऊक होतं. आपण तिथे जाऊन बसायचं कुठे, हेसुद्धा तिला स्वतःला ठाऊक नव्हतं.

"अगं," ती म्हणाली, "महाराणीला कासदाह झालाय."



"आणि ती दुसऱ्या हाताला देत नाही," लेक म्हणाली.

गोठ्यातून धारांचा आवाज येत होता, आता चांगला एका लयीत. तो पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून तिने फोनभोवती हात धरला.

"नाही ना," ती म्हणाली.