भिंगरीच्या गुडघ्यावरचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे, गुडघ्याचा. जाड ताणाचे कापड, दोन्ही बाजूंना पोलादी पात्या, वर-खाली चिकटपट्ट्या. शिवणयंत्राखालून निघालो तेव्हा वाटले होते, एखाद्या आजोबांबरोबर जिने चढण्या-उतरण्यात आपला जन्म जाईल. पण मी एका फुटबॉल खेळाडूच्या वाट्याला आलो.

ती मुलींच्या व्यावसायिक संघात आघाडीला खेळायची. सगळे तिला भिंगरी म्हणत. चेंडू पायाशी आला की ती जागच्या जागी गर्रकन वळे आणि अडवणारी नुसती बघत राही. अशाच एका वळणावर तिच्या उजव्या गुडघ्यातला स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रियेनंतर फिजिओबाईंनी मला तिच्या पायावर चढवले.

आधी ती भिंत धरून चालली. मग सायकल, मग पळणे. मैदानावर परतल्यावर पहिला गोल केला तेव्हा तिने मला थोपटले. मी असा फुगलो म्हणून सांगू! पण माझ्या आत गुडघाही फुगू लागला होता. प्रत्येक सामन्यानंतर तो टम्म होई, आणि माझ्या पट्ट्यांची टोके एकमेकांना पुरेनात.

ती कुणालाच सांगेना. तिच्या जागेवर नजर ठेवून एक नवी चपळ मुलगी बाकावर बसलेली असायची. शिवाय करार संपत आला होता.

घरी तिच्या ताईला संशय आलाच. "फ्रिजमधला बर्फ सारखा कुठे जातो गं?"

"पाण्यात टाकते."

"आणि ते पाणी गुडघ्याला पाजतेस वाटतं?"

भिंगरी हसली नाही. ताईही नाही.

अंतिम सामन्याआधी फिजिओबाईंनी विचारले, "नक्की ठीक आहेस ना?"

"एकदम," ती म्हणाली आणि मला इतके आवळले की माझी शिवण कुरकुरली.

उत्तरार्धात बरोबरी होती. चेंडू तिच्याकडे आला. समोर फक्त गोलरक्षक! ती वळू लागली आणि गुडघा आत सरकला. किंचितच. पण माझ्या पात्या वाकल्या.

ती थांबली. चेंडू सरळ रेषेबाहेर मारला आणि हात वर केला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

"वेडी आहेस का? समोर गोल होता!" प्रशिक्षक ओरडले.

"गुडघा सरकतोय, सर. कधीपासून लपवतेय मी. आता नाही जमत."

बाकावरची मुलगी धावत आत गेली. आमचा संघ हरला. फिजिओबाईंनी मला सोडवले, गुडघा चाचपला आणि म्हणाल्या, "अजून एक वळण घेतलं असतंस, तर कायमची बसली असतीस."

कराराचे नूतनीकरण झाले नाही. कितीतरी आठवडे तिचा फोन उताणा पडून असायचा. वाजला की ती दचकायची. पण बोलावणे कुठल्याच संघाचे नसे, कुणीतरी वीजबिलाचेच विचारायचे. शेवटी एका लहान संघाच्या प्रशिक्षकबाई घरीच आल्या. "तू स्वतःहून बाहेर आलीस ते मी पाहिलं. आधी नीट बरी हो. मी थांबते."

त्या खरेच थांबल्या. भिंगरी त्यांच्याकडे बरीच वर्षे खेळली.

आता मी कपाटात आहे. माझ्यातला ताण गेला, तिच्यातलाही. मित्रांनो, आम्ही पट्टे गुडघा घट्ट धरून ठेवतो. पण आम्हाला तोंड नसते. 'दुखतंय' हे तुमचे तुम्हीच म्हणायला हवे.